माझं शेत 13 गुंठ्यांचं नाही, 22 एकरांचं आहे

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती यांस,

महोदय,

तुळशीचं लग्न झालं. झोडणी उरकली, पेंढ्याची उडवी रचून झाली. आता आपली बैठक लागेल. कालव्याला पाणी कधी सोडायचं, आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, किती द्यायच्या, ते त्या दिवशी ठरेल आणि आम्हाला ते पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, तोंडून नाहीतर व्हॉट्सॲपवर कळेल. तोवर दुबार, म्हणजे उन्हाळी, भाताची दाढ (रोपं) टाकायची की नाही हे ठरवायला हातात चार दिवस उरलेले असतात. म्हणून हे पत्र बैठकीच्या आधीच लिहितेय.

तालुक्याचं आणि कालव्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं की पत्र एका उपविभागाच्या फायलीत जातं आणि बाकीचे म्हणतात, आमच्याकडे असं काही नाही. रायगडातल्या कुठल्याही कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जाऊन उभे राहा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल.

मी टेलची. लग्न होऊन या गावात आले त्याला 26 वर्षं झाली. यजमान एमआयडीसीत पाळीवर जातात, शेत मी बघते. सातबाऱ्यावर 19 नावं आहेत, त्यांत माझं नाही. पाणी मागायचा नमुना 7 चा अर्ज अजून सासऱ्यांच्या नावानं जातो, ते जाऊन नऊ वर्षं झाली. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधाची मोरी, म्हणजे पाण्याची वाट, उघडायला जाते ती मात्र मी.

गेल्या वर्षी आमच्या समाजमंदिरात शेतीशाळा झाली. आलेले साहेब भले होते, बोलणं मऊ होतं. पडद्यावर त्यांनी एक तक्ता दाखवला. जमीन जितकी मोठी तितकं पाण्याचं, खताचं, डिझेलचं आणि मजुरीचं चीज जास्त, असा त्याचा अर्थ होता. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमची क्षेत्रंच एवढीशी, यात कार्यक्षमता येणार कुठून?" टोमणा नव्हता, कळवळाच होता. तेवढ्यात चहा आला आणि प्रश्न तिथंच राहिला. मला उत्तर सुचायला वर्ष लागलं.

आधी साहेबांच्याच बाजूनं बोलते. आमच्या घराची जमीन सगळी मिळून 34 गुंठे, तीही चार ठिकाणी. त्यातले 13 गुंठे कालव्याखाली, पाच खाचरांत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांत. मोठं खाचर चार गुंठ्यांचं, धाकटं सव्वा गुंठ्याचं. त्या धाकट्यात पॉवर टिलर घातला तर निम्मा वेळ वळवण्यातच जातो आणि कोपरे शेवटी कुदळीनंच खणावे लागतात. भाडं मात्र तासावर असतं, वळण्याचे पैसे कुणी सोडत नाही. आमच्या आउटलेटखाली, म्हणजे कालव्याच्या ज्या तोंडातून आम्हाला पाणी येतं त्याखाली, एकूण 22 एकर. मार्चमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ शाळेची वही घेऊन बांधाबांधानं फिरलो. 61 खातेदार, 263 खाचरं. म्हणजे खाचराला सरासरी साडेतीन गुंठेही येत नाहीत. खाचरं चौकोनी धरली, बांध दीड फुटी धरला आणि एकेक बांध दोघांत वाटून घेतला, तर 22 एकरांत साडेनऊ किलोमीटरांच्या वर बांध होतो. एक एकराहून जास्त जमीन नुसत्या बांधाखाली. तीच जमीन एकेक एकराच्या खाचरांची असती तर बांध पावणेतीन किलोमीटरांत आटपला असता. आमची खाचरं काही चौकोनी नाहीत, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच निघेल. आणि बांधातली खेकड्यांची बिळं मोजायची म्हटली तर आणखी एक मार्च लागेल.

पाणी जातं ते याच बांधांतून. एका गुंठ्यावर पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर पाच हजार लिटर लागतात. माझ्या 13 गुंठ्यांना एका भरणीला 65 हजार, अख्ख्या आउटलेटला 44 लाखांच्या वर. उन्हाळी भाताला हंगामभरात 1,200 मिलिमीटर पाणी धरलं तर गुंठ्याला सव्वा लाख लिटरच्या आसपास होतं. गुंठ्याला 40 किलो भात पिकलं तर किलोला तीन हजार लिटर. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा जगभराचा ढोबळ हिशोब किलोला अडीच हजारांचा आहे. म्हणजे साहेब अगदीच चुकले नव्हते.

आता कुणी म्हणेल, मोडा बांध आणि करा एकराची खाचरं. त्यांनी आधी उतार बघावा. दोन खाचरांत कुठे वीतभर तर कुठे गुडघाभर उंचीचा फरक आहे. ते सपाट करायचं तर वरची काळी माती खाली गाडली जाणार आणि खालचा मुरूम वर येणार. शिवाय बांध म्हणजे नुसती वाया गेलेली जागा नाही. पावसाळ्यात त्यावर तूर असते, भेंडी असते, गुरांना गवत असतं. बांध आमच्या आजेसासऱ्यांनी उगाच घातले नाहीत.

साहेबांच्या तक्त्यात जे नव्हतं ते मला पुतण्यानं सांगितलं. तो दापोलीला कृषी विद्यापीठात शिकतो. 1950 च्या दशकात देशात ठिकठिकाणी शेती-व्यवस्थापनाच्या सरकारी पाहण्या झाल्या. त्यांत उलटंच दिसलं होतं, शेत जितकं लहान तितकं एकरी उत्पन्न जास्त. 1962 मध्ये अमर्त्य सेन यांनी त्याची फोड केली. लहान शेतात घरची माणसं राबतात, त्यांच्या दिवसाची मजुरी कुणी हिशोबात धरत नाही, म्हणून तिथं जास्त हात लागतात आणि जास्त पिकतं. मोठ्या शेतात प्रत्येक हात पैसे देऊन आणावा लागतो, म्हणून मालक जपून हात लावतो. मला हे ऐकून हसू आलं. माझ्या सासूबाईंना हे कुणी सांगायला नको होतं. आमच्या धाकट्या खाचरात त्या रोपांची एकेक चूड अशी लावायच्या की भरडायला गेल्यावर गिरणीवाला विचारायचा, भात कुठलं?

पण तो हिशोब सासूबाईंबरोबर संपला. त्या काळी घरात राबणारे सात जण होते, आज रोजची मी एकटी आहे. पोरं मुंबई-पनवेलला, नवरा पाळीवर. सव्वा गुंठ्याच्या खाचरासाठी कंपनीतली रजा काढायची तर रजेचे पैसे भातापेक्षा जास्त जातात. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. सव्वा गुंठ्यात अर्धा क्विंटल भात होतं. पुढचा हिशोब आपणच करावा. म्हणून गावात आता शनिवार-रविवारची शेती चालते. सोमवारी बांध फुटला तर तो शनिवारपर्यंत फुटलेलाच राहतो आणि त्या पाच दिवसांचं पाणी ओढ्याला जातं. तेव्हा लहान शेत चांगलं की मोठं, हा वाद मला आता फारसा पटत नाही. माणूस शेतावर आहे की नाही, एवढंच मी बघते.

आता मूळ मुद्द्यावर येते. कालव्याखालच्या भातात "माझं शेत" अशी वस्तूच नसते. आपले नकाशे वेगळं सांगतात, पण पाणी नकाशा वाचत नाही. आउटलेटमधून निघालेलं पाणी शेतचारीनं जेमतेम चौथ्या-पाचव्या खाचरापर्यंत जातं. पुढे चारी कधीचीच बुजली आहे, काही ठिकाणी ती कधी खणलीच नव्हती. मग पाणी खाचरातून खाचरात उतरतं, वरच्याचं भरलं की मोरीतून खालच्याला. माझ्या खाचरात येणारं पाणी 40 जणांच्या भातातून आलेलं असतं. वरच्यानं सकाळी युरिया फेकला आणि दुपारी मोरी उघडली तर त्याचं निम्मं खत माझ्याकडे येतं. ऐकायला बरं वाटतं. पण तो पुढच्या वेळी दुप्पट फेकतो, माझं भात नको तेव्हा माजतं, लोळतं आणि करपा धरतं. 45 किलोची गोणी 266 रुपयांना मिळते, त्यामुळे फेकताना कुणाचा हातही थांबत नाही. माझ्यापुढे ओढा आहे, ओढ्यापुढे नदी, नदीपुढे खाडी. तिथले कोळी कशाकशाला तोंड देतायत त्यात आमचंही खत आहे.

वरच्यानं शेत सुकवायचं ठरवलं तर खालच्याचं पाणी तुटतं. खालच्यानं सुकवायचं ठरवलं तर वरून झिरपत येतच राहतं. वरच्यानं 115 दिवसांत येणारं कर्जत-3 हे वाण लावलं आणि मधल्या कुणी उशिरा येणारी जया लावली, तर एकाचं कापायला आलेलं असतं आणि दुसऱ्याला अजून पाणी हवं असतं. गेट उघडंच राहतं, कापणीला आलेलं भात चिखलात उभं राहतं आणि कम्बाइनवाला बांधावरूनच परत जातो. वालाचं तर बोलायलाच नको. आमच्याकडचा कडवा वाल पावसाळी भाताच्या ओलीवर, एक थेंब पाणी न देता यायचा. आता शेजारी दुबार भात लावलं की ओल चढते आणि वाल मरतो. म्हणजे भात लावायचं की वाल पेरायचा, हेसुद्धा एकट्यानं ठरवता येत नाही. माझ्या आउटलेटवरचे निम्मे लोक दुबार भात आवडीनं लावत नाहीत, दुसरं काही येतच नाही म्हणून लावतात. मग आपल्या अहवालात "शेतकऱ्यांचा कल भाताकडे" असं येतं.

म्हणून मी म्हणते, माझं शेत 13 गुंठ्यांचं नाही. ते 22 एकरांचं आहे, त्याला 61 मालक आहेत आणि त्यांतला एकही पूर्ण मालक नाही. शेताचं माप खातेवहीतून काढलं की आम्ही अकार्यक्षम ठरतो. आउटलेटवरून काढून बघा.

त्या शेतीशाळेनंतर प्रात्यक्षिक झालं. पाणी भरायचं, मग सुकू द्यायचं, मग पुन्हा भरायचं, ती पद्धत. चार-सहा इंच रुंद, फूटभर लांब प्लॅस्टिकच्या नळीला भोकं पाडून ती खाचरात रोवायची. आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरवर गेलं की पुढचं पाणी द्यायचं, फुलोऱ्यात मात्र पाणी हलू द्यायचं नाही. पद्धत चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचतं असं सांगतात, आणि सतत तुंबलेल्या चिखलातून जो मिथेन वायू निघतो तोही कमी होतो. पण नळ्या रोवल्या कुठे? आउटलेटच्या तोंडाशी, ज्यांची तीन एकर एका तुकड्यात आहे त्यांच्याकडे, कारण योजनेला सलग क्षेत्र लागतं आणि फोटोलाही. त्यांनी इमानानं मोरी बंद ठेवली. वाचलेलं पाणी कुठे गेलं ते मी सांगते. त्या रात्री आम्हा खालच्यांना काही सूचना नव्हती. मधल्या लोकांच्या मोऱ्या उघड्या होत्या, पाणी त्यांच्या तुडुंब खाचरांवरून वाहून ओढ्याला मिळालं. अहवालात त्या तीन एकरांवर पाण्याची बचत लिहिलेली असेल. खरीच असेल ती. पण 22 एकरांवर बचत शून्य.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही टेलच्या नऊ घरांनी आपापसांत ठरवून बघितलं. रोप मुळं धरेपर्यंत पाणी राखायचं, नंतर दर सहाव्या दिवशी पाणी, आणि सुरुवात सगळ्यांत खालच्या खाचरापासून. आपल्या खात्याच्या भाषेत टेल टू हेड. नळीसाठी प्लंबरकडची उरलेली पाइप आणली, भोकं माझ्या मुलानं ड्रिलनं पाडली. पहिल्या दोन पाळ्या छान गेल्या. तिसऱ्या पाळीला कालव्याला पाणीच आलं नाही. दोन दिवस उशीर होणार हे कुणी कळवलं नव्हतं. खाचरांना भेगा पडल्या, आणि एकदा भेग पडली की पुढचं पाणी आडवं पसरत नाही, सरळ पाताळात जातं. दोन घरं माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती. नवातली पाच घरं पुन्हा तुडुंब भरायला लागली आणि मी त्यांना काही बोलू शकले नाही. राहिली चार. त्या चार घरांत मिळून ओढ्यावरचं डिझेल इंजिन आदल्या वर्षी 11 रात्री चाललं होतं, यंदा चार रात्री चाललं. भातात फरक पडला नाही म्हटलं तरी चालेल.

यातून मला जे दिसलं ते आपल्यापुढे ठेवते. माणूस खाचर तुडुंब भरून ठेवतो तो हावरटपणानं नाही. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून तो आजच खाचराची टाकी करतो. तारखेचा भरवसा द्या, तो आपोआप कमी भरेल. नळी, पोस्टर, शेतीशाळा हे सगळं त्या भरवशानंतरचं आहे.

खताचंही असंच. आपल्याच कोकणात डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भात बसवलं. दाढीत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटून पालटून लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, चिखलात खोल खुपसायची. फेकलेला युरिया पाण्यात विरघळून काही हवेत उडतो, काही शेजाऱ्याकडे वाहतो. चिखलात दाबलेली गोळी मुळाशीच राहते, म्हणजे खाचरातून खाचरात पाणी उतरतं तिथं तर ही हवीच. एक ब्रिकेट 2.7 ग्रॅमची, गुंठ्याला 632 लागतात, वजन जेमतेम पावणेदोन किलो. माझ्या 13 गुंठ्यांना सव्वाआठ हजार गोळ्या, एकेक हातानं. पाठ मोडते, खोटं बोलणार नाही. पण एक बघा. दहा एकरवाला हे कधीच करणार नाही, त्याला मजुरी परवडणार नाही. मी आणि जाऊ दीड दिवसात करतो. शेत लहान असणं जिथं उपयोगाचं आहे ते हे. आणि नेमकी हीच ब्रिकेट तालुक्याच्या दुकानात लावणीच्या वेळी मिळत नाही, आली तर लावणी झाल्यावर येते. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर भात घेण्याची रीत बसवली आहे. ती मी बघून आले. आवडली. आमच्या वरच्या खाचरांत चालेल, माझ्यात वरून इतकी ओल येते की वाफा उभाच राहत नाही.

आता जमिनीबद्दल थोडं, कारण साहेबांच्या तक्त्यातून लोक लगेच तिथंच पोचतात: तुकडे जोडा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठ्यांचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडायचा नाही ते माप, ठरलं. कायद्यानं तुकडे थांबले का? सातबाऱ्यावर थांबले. आमच्याकडे कागदावर एक आणि बांधावर सात, अशी वाटणी असते. 1970-71 मध्ये राज्यात सरासरी वहितीची जमीन 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 झाली. कोकणात हे आकडे ऐकून लोक म्हणतात, 1.34 हेक्टर असलेला माणूस दाखवा, हार घालतो.

जोडण्यापेक्षा कसायला देण्याची अडचण मोठी आहे. आउटलेटवरच्या 263 खाचरांतली 47 खाचरं पड आहेत. मालक मुंबईत. गणपतीला येतात, गोड बोलतात, पण शेत कसायला देत नाहीत, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. आमचं सासर स्वतः कूळ होतं, 1 एप्रिल 1957 नंतर कूळकायद्यानं ही जमीन आमची झाली, तेव्हा त्या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी पड ठेवल्या, उपाशी राहिले आणि कुळांना हक्क मिळवून दिले. त्यांनी जमीन पड टाकली ती लढाई म्हणून. आज त्यांच्याच नातवंडांची जमीन भीतीनं पड पडते. आणि पड खाचर नुसतं पड राहत नाही. त्याचा बांध कुणी सावरत नाही, उंदरांनी पोखरलेल्या बांधातून वरून येणारं पाणी बाजूच्या ओहोळात उतरतं आणि खालच्या 10 जणांची वाट तुटते. एक हंगामापुरता, कूळ न लागणारा, तलाठ्याच्या दप्तरात नोंदवता येणारा साधा करार असता तर यांतली निम्मी खाचरं मी आणि आणखी तिघी कसायला तयार आहोत. हा विषय समितीचा नाही हे मला ठाऊक आहे. पण समितीवर आमदार आहेत, महसूलचे अधिकारी आहेत.

पाणीपट्टीचं बोलून टाकते. आकारणी क्षेत्रावर आहे, म्हणजे मी कमी पाणी घेतलं काय आणि तुडुंब भरलं काय, पैसे तेवढेच. 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा पाणी वापर संस्थेला घनमापानं, मोजून पाणी द्यायला सांगतो. आमच्याकडे संस्था आहे. तिची पाटी आहे, शिक्का आहे, आणि सभासदांच्या यादीत माझे सासरे आहेत. आउटलेटच्या तोंडाशी एक मोजपट्टी सिमेंटात बसवली आणि पाटकऱ्यानं रोजचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिला, तर मला नाही वाटत त्याला फार खर्च येईल. किती पाणी आलं हे 61 जणांना एकदा दिसलं की भांडणं होतील. होऊ देत. आजही होतातच, फक्त अंधारात होतात.

आणखी एक गोष्ट मनात राहते ती लिहिते. आमच्या जिल्ह्यातल्या कालव्यांना येणारं बरंचसं पाणी इथल्या पावसाचं नाही. खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं, भिऱ्याचं 1927 चं. घाटमाथ्यावरच्या टाटांच्या धरणांचं पाणी या वीजघरांतून वीज करून खाली कोकणात उतरतं, म्हणून आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस वाहून गेल्यावरही जानेवारीत लावणी होते. यांतलं भिऱ्याचं पाणी मुळशीचं. त्या धरणाखाली जमीन जाऊ नये म्हणून 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. बुडाली ती भाताची खाचरं होती, आंबेमोहर पिकवणारी. म्हणजे आमचं दुबार भात कुणाच्या तरी बुडालेल्या भातावर उभं आहे. माझ्या मोरीतून रात्री फुकट ओढ्याला जाणारं पाणी बघते तेव्हा हे आठवतं आणि झोप येत नाही, एवढंच.

बैठकीत आपल्याकडून काय हवं ते साधं आहे. आवर्तनांच्या तारखा डिसेंबर लागण्याआधी जाहीर करा, आणि तारीख चुकणार असेल तर दोन दिवस आधी गावात दवंडी द्या. नुसतं व्हॉट्सॲप नको, टेलला धड रेंज नाही. या हंगामात एका आउटलेटवर, फक्त एका, पाणी खालून वर द्या. मोजपट्टी बसवा. कृषी खात्याचं पुढचं प्रात्यक्षिक एका शेतकऱ्याच्या तीन एकरांवर न घेता त्या एका आउटलेटच्या सगळ्या खाचरांवर घ्या, एकाच मुदतीचं बी, एकाच आठवड्यात लावणी. ब्रिकेट लावणीआधी पोचवा. बुजलेली शेतचारी खणायला आम्ही अंगमेहनत देतो, चारीची मोजणी तेवढी सरकारनं करून खुणा घालाव्यात, नाहीतर प्रत्येक जण चारी शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलतो. आणि पाणी वापर संस्थेच्या सभेला जो पाणी धरतो त्याला बसू द्या, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो. आउटलेट कुठलं घ्यायचं म्हणाल तर आमचं घ्या. वहीत 263 खाचरांचा नकाशा काढलेला आहे, पड खाचरांवर लाल खूण आहे, फुटक्या बांधांवर निळी.

बैठकीला बोलावलंत तर वही घेऊन येईन. वेळ दुपारची ठेवावी. सकाळी दूध घालायचं असतं, आणि संध्याकाळी सहानंतर आमच्याकडून शेवटची एसटी नाही. दाढीचं बी कणगीत बांधून ठेवलंय, तारीख कळली की भिजत घालते.

आपली,
टेलवरची एक शेतकरीण
जि. रायगड